अंग टाकायची जागा

एका मेलेल्या माणसाच्या गादीतला कापूस मी एकदा एका नवरीच्या गादीच्या कापसात मिसळला होता. चुकून, पण अगदी मन लावून. केरसुणीनं गोळा करून, वरून हातानं थापून. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि जगात आपल्याला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही अशी माझी खात्री होती. डोळे ठणठणीत असताना मी साध्या काचेचा चष्मा लावायचे, एवढं सांगितलं तरी ती मुलगी कशी असेल हे कळावं.

परवा हे सगळं वर आलं ते नातीमुळे. तिनं फोनवरून काहीतरी मागवलं आणि आमच्या सांगलीच्या घरी एक उंच खोकं येऊन पडलं. खोक्यात प्लास्टिकमध्ये आवळून गुंडाळलेली गादी. तिनं कात्री लावली तशी गादी बुडता माणूस वर आल्यासारखी श्वास घेत फुगायला लागली. नात म्हणाली, "आज्जी, ही तुझी मॅट्रेस. आता तरी एका बाजूला झोप. सगळा पलंग अडवून ठेवतेस."

मी पदर खोचला, गादीकडे पाठ केली, डोळे मिटले आणि उभीच्या उभी मागे पडले. घरातले सगळे धावत आले. या वयाची बाई अशी पडते म्हणजे आता रिक्षा बोलवायची, असंच त्यांना वाटलं. मी पडल्या पडल्या सांगितलं, "गादी बरी आहे. पण हिच्या पोटात कुणाचं काही नाही."

वाक्य माझं नव्हे. पडण्याची पद्धतही माझी नव्हे. दोन्ही लोणंदच्या चाचांची.

चाचा माझे घरमालक. मुलींच्या शाळेत पहिली नोकरी लागली आणि राहायला मला त्यांच्या दुकानावरची खोली मिळाली. खाली दुकान, मागे त्यांचं घर, वर मी. ते पिंजारी. वरून टांगलेली ती मोठी धनुकली, तिची ताणलेली तात आणि तातीवर पडणारा लाकडी ठोकळा. सकाळी आठला जो तांय तांय आवाज सुरू व्हायचा, त्यावर मी घड्याळ लावायचे. कापसाचे तंतू उडून दुपारपर्यंत त्यांची दाढी पांढरीशुभ्र व्हायची. नमाजाच्या आधी हातपाय-तोंड धुतलं की ती पुन्हा काळी. दिवसातून दोनदा म्हातारा आणि तीनदा तरुण होणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गादी हवी म्हणून कुणी आलं की ते आधी माप विचारायचे नाहीत. "झोपणार कोन?" हा पहिला प्रश्न. कुणी सांगितलं, पाहुण्यांसाठी पाहिजे, की गादी मुद्दाम कडक भरायचे. "तिसऱ्या दिवशी पावण्याची पाठ बोलली पायजे, तवाच त्यो स्टेशनचा रस्ता इचारतो." फलटणकडचे कारखान्यातले एक बडे गृहस्थ जीपमधून आले आणि म्हणाले, एकदम मऊ करा. चाचांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "सायेब, तुमाला मऊ नगं. तुमी खुर्चीवरनं बी लवकर उठत न्हाई." मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस मार खाणार. साहेब मात्र पोट धरून हसले आणि कडक गादी घेऊन गेले.

ते स्वतः चटईवर झोपायचे. चाची कावायच्या. "अख्ख्या लोणंदची कंबर सरळ केली ह्यांनी. माझी तेवढी हाय तशी हाय."

आणि ते पडणं. गादी शिवून झाली, शेवटचा टाका घालून दाभण पागोट्यात खोचलं, की चाचा ती गादी दुकानाच्या फरशीवर टाकायचे. मग तिच्याकडे पाठ करायचे, डोळे मिटायचे, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचे आणि तोडलेल्या झाडासारखे मागे कोसळायचे. पन्नाशीचा माणूस. गिऱ्हाईक समोर, रस्त्यावरून बाजाराला जाणारी माणसं समोर. बायका पदर तोंडाला लावायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळून चाचींना हाक मारली होती. चाची भाकरी थापत म्हणाल्या, "पडला व्हय? पडू द्या. त्याबिगर गादी जायाची न्हाई दुकानातनं." चाचा उठून बसायचे आणि निकाल द्यायचे. "हिच्या पोटात जीव हाय," किंवा "हिच्या पोटात कुनाचं काय न्हाई, पुन्यांदा खोला."

दुकानात मला एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे पसारा. पिंजलेल्या कापसाचे ढीग कोपऱ्याकोपऱ्यात आणि त्यांच्यावर काय वाट्टेल ते पडलेलं. कुठं खोबऱ्याचा तुकडा, कुठं झाडाचा डहाळा. मी वर्गात स्वच्छतेवर बोलणारी बाई. जाता-येता नाक मुरडायचे.

चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. लहानपणी दोन वर्षं मिरजेच्या एका उस्तादांकडे काढलेली, त्यामुळे अरबी यायचं. तरीही एक दिवस त्यांनी पेंटर बोलावला आणि पाटीवरचं 'गादी कारखाना' पुसून 'मॅट्रेसवाले' असं लिहून घेतलं. मी शाळेतून आले आणि हसत सुटले.

"चाचा, एवढा चांगला मराठी शब्द पुसून हा इंग्रजांचा कशाला?"

चाचा म्हणाले, "आवं बाई, इंग्रजाचा कशानं? ह्यो आमचा हाय. मतरह. उस्तादांचं अंथरूण मीच घालत हुतो, तवा त्यांनी सांगितल्यालं. मतरह म्हंजे काय टाकायचं असंल त्ये टाकायची जागा. गोरा गवतावर झोपत हुता तिकडं. लढाया करत आला, लोकं जमिनीवर मऊ अंथरुणं टाकून पडल्याली बगितली, अंथरुणं घिऊन गेला. नाव बी संगट नेलं. तुमी न्हाई म्हनत, जरा अंग टाकतो म्हनून? त्येच की."

मी चष्मा नीट केला. साधी काच, पण नीट करायला बरी. "चाचा, शब्दांना असं कुणीही दत्तक घेतलं तर कसं व्हायचं? आणि तुम्ही लोणंदचे. अरबस्तानचे कधीपासून झालात?"

"सबूद कुटला बी असू द्या. मी रोज त्याच्यावर पडून बगतो. तुमी कवा पडलाय?"

शेजारचा चहावाला हसला, आणि मला ते लागलं. मी पैज लावली. शब्दकोशात बघते म्हणाले. चाचा हरले तर त्यांनी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून ए बी सी डी गिरवायची. मी हरले तर एक रविवार मी त्यांचं दुकान सांभाळायचं.

हेडबाईंच्या कपाटात एक इंग्रजी शब्दकोश होता, पाटावरवंट्याच्या वजनाचा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तो उघडला. शब्द सापडला. खाली बारीक अक्षरात त्याची वंशावळ. इंग्रजीनं तो फ्रेंचकडून घेतला. त्यांच्याकडे तो इटलीकडून आला. आणि इटलीला मिळाला अरबीतून. मतरह. काहीतरी टाकतात ती जागा. टाकणे या धातूपासून. मी पान उलटून पुन्हा मागे आले, जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर छापलेलं बदलणार होतं. चार वर्षं इंग्रजी शिकून मला जे माहीत नव्हतं, ते स्वतःच्या दुकानाची पाटी वाचता न येणाऱ्या माणसानं दाढीतला कापूस झटकत सांगितलं होतं.

मग मी काय केलं? प्रामाणिकपणे जाऊन सांगितलं? छे. मी मागच्या दारानं ये-जा सुरू केली. पाचव्या दिवशी चाचांनी विहिरीपाशी गाठलं. "बाई, म्होरल्या दारात काय साप हाय का?" मी खाली बघितलं. ते एवढंच म्हणाले, "रयवारी मी फलटनला चाललोय. खोळीचं कापड आणायचंय. दुकान बगा."

त्याच आठवड्यात दोन कामं आली होती. पहिलं, एका कांद्याच्या अडत्याच्या मुलीचं लग्न. तिच्या आजीनं नातीसाठी दोन हंगाम परसातल्या कपाशीचं एकेक बोंड वेचून, सरकी हातानं काढून कापूस साठवला होता. दुसरं, रेल्वेतून निवृत्त झालेले एक साहेब वारले होते, त्यांची गादी. आपल्याकडे मयताची गादी घरात ठेवत नाहीत, कुणालातरी देऊन टाकतात. साहेबांच्या पत्नीनं, काकूंनी, ती देण्याआधी पिंजायला आणली. म्हणाल्या, "चांगली पिंजा. एक गाठ राहता कामा नये." आणि रोज दुपारी चारला येऊन त्या दुकानाच्या पायरीवर बसायच्या. डोळे मिटून तो तांय तांय ऐकायच्या. मी जिन्यातून बघत राहायचे. मी आईला पत्रात लिहिलं, "आई, प्रेम असावं तर असं." ते पत्र आईनं जपून ठेवलं होतं. पुढे माझ्या हाती लागलं तेव्हा मी ते चुलीत घातलं.

तर रविवार. चाचा सकाळच्या एस्टीनं गेले, चाची मागे धान्य निवडत बसल्या. मी दुकानात उतरले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर झाडलोट. एका ढिगावर कडुलिंबाचा सुकलेला डहाळा होता, तो रस्त्यावर फेकला. दुसऱ्यावर हळकुंड होतं, ते स्वयंपाकघरात नेऊन चाचींच्या मसाल्याच्या डब्यात टाकलं. मग वाऱ्यानं कापूस उडायला लागला, म्हणून दोन्ही ढीग लोटून एक केले, हातानं खालवर करून सारखे केले, वर चादर घातली आणि चादरीला चारही बाजूंनी दगड लावले. असा देखणा ढीग त्या दुकानानं जन्मात पाहिला नसेल.

संध्याकाळी चाचा आले. मी दारातच उभी, शाबासकी घ्यायला.

त्यांनी चादर उचलली. ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"बाई, डाळा कुटाय?"

"कसला डहाळा? तो कचरा होय? टाकला."

"आन हळकुंड?"

"चाचींच्या डब्यात."

चाचा मटकन खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. आतून चाची आल्या, ढिगाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग मला कळलं. खोबरं म्हणजे बाळंतिणीची गादी. हळकुंड म्हणजे लग्नाची. कडुलिंब म्हणजे मयताची. वाचता न येणाऱ्या माणसाचं ते लिहिणं होतं, आणि मी, मुलींना वाचायला शिकवणारी, ते केरात काढलं होतं.

माझ्या तोंडून गेलं, "चाचा, कुणाला कळणार आहे? अर्धा अर्धा करून भरा."

ते माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेनं मी जेवढी लाजले, तेवढी आयुष्यात परत लाजले नाही. ते म्हणाले, "नवरीच्या गादीत मयताचा कापूस घालून त्याच्यावर मी कसा पडू, बाई? पडल्याबिगर दीऊ कसा?" मग उठत म्हणाले, "चला. दोन घरं हायती. सांगाय तुमी बी यायचं."

ही बातमी फुटली असती तर पुन्हा कुणी त्या दुकानात लग्नाची गादी टाकली नसती, आणि चाचांचं वर्षाचं पोट लग्नसराईवर. रस्ताभर मला तेवढंच दिसत होतं.

अडत्याच्या घरी आजी ओसरीवर कांद्याच्या पाट्या मोजून घेत होत्या. चाचांनी डोक्यावरचं काढून हातात घेतलं आणि सांगितलं, "माई, माझ्या दुकानात चूक झाली." मी म्हणाले, "चूक माझी आहे." ते म्हणाले, "दुकान माजं हाय." आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपले दोन्ही हात पुढे करून आम्हाला दाखवले. बोटांच्या टोकांवर बोंडांच्या काट्यांचे बारीक काळे व्रण.

"दोन वर्सं," त्या म्हणाल्या. "कुनाला हात लावू दिला न्हवता."

शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. "तू कशावर झोपतीस गं?"

"गादीवर. आईनं सांगलीहून कापूस पाठवला होता. चाचांनीच मागच्या महिन्यात भरली."

"आईनं सवता दिलेला?"

"हो."

"मग ती दे. लेकीसाटी आईनं दिलेला कापूस हाय, चालंल माज्या नातीला. खोळ नवी घाल रं बाबा तिला. आन हे बग, मी काय बोंब मारनार न्हाई. माज्याच घरच्या लग्नाला गालबोट लावू व्हय? पर ह्या मास्तरनीनं आठ दिस हितं येऊन कांदं चिरायचं."

मी शाळा सुटली की आठ दिवस कांदे चिरले. चष्म्याचा तेव्हा मात्र खरा उपयोग झाला.

तिथून आम्ही काकूंकडे गेलो. मला जास्त भीती त्यांचीच. एवढं प्रेम, आणि मी त्यांच्या माणसाची शेवटची खूण उधळली. बोलता बोलता मी रडायलाच लागले. "काकू, तुमच्या मनात त्यांच्याबद्दल किती होतं ते मी रोज बघत होते."

काकू म्हणाल्या, "काय बघत होतात?"

"तुम्ही रोज ऐकायला यायचात."

"बडवलेलं ऐकायला यायचे," काकू म्हणाल्या.

मी चाचांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. आवाज ऐकायला माणूस कसा बसतो, त्यावरून त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार.

"बत्तीस वर्षं मी त्या गादीच्या कडेला झोपले," काकू इतक्या शांतपणे सांगत होत्या की जणू भाजीचा भाव. "झोपेत माझा हात त्यांच्या बाजूला गेला, तर सकाळी केलेला चहा जमिनीवर ओतायचे आणि पुसायला लावायचे. बाहेर सगळे म्हणायचे, साहेब देवमाणूस. ते गेले, तरी मी कडेलाच झोपते. चटई टाकली तरी चटईच्या कडेला. म्हटलं, निदान तो कापूस तरी पुरता बडवून घ्यावा. मग न्यावा कुणी न्यायचा तो." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "त्यातलं त्या पोरीच्या गादीत काही गेलं नाही ना?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "एक बोंड बी न्हाई."

काकू खाली बसल्या. त्यांनी विचारलं, "मग तो ढीग?"

"हाय तसाच. भरून ठिवतो. कोन घेतंय का बगतो."

दोन दिवसांनी ती गादी शिवून झाली. चाचांनी फरशीवर टाकली, दाभण खोचलं आणि पाठ केली, तेवढ्यात काकू पायरीवर आल्या. चार वाजले होते. त्यांची नेहमीची वेळ.

"चाचा, थांबा. यात त्यांचा कापूस कुठला आणि त्या आजींचा कुठला, ओळखता येईल?"

चाचांनी खोळीवरून हात फिरवला. "मला बी न्हाई. बाईंनी लय मन लावून मिसाळलाय. परत मी दोनदा पिंजला. आता देवाला बी निवडता यायचा न्हाई."

"नक्की?"

"व्हय."

काकूंनी चपला काढल्या. चाचांना म्हणाल्या, "सरका." गादीकडे पाठ केली. एकदा मागे वळून अंदाज घेतला, पुन्हा तोंड फिरवलं आणि डोळे मिटून मागे कोसळल्या. नऊवारीतली, पांढऱ्या केसांची, कधी मान वर करून न चालणारी बाई, लोणंदच्या भर बाजारपेठेत. चहावाल्याच्या हातातली किटली हातातच राहिली. काकू उताण्या पडून आढ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे दोन्ही हात, सावकाश, दोन्ही बाजूंना पसरत गेले. गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

चाचांनी पहिल्यांदा आणि शेवटचं, स्वतः न पडता निकाल दिला. "जीव हाय हिच्यात. घिऊन जावा."

त्या वर्षी मी चटईवर झोपले. चाची रोज विचारायच्या, "कंबर कशी हाय, बाई?" आणि स्वतःच्या कंबरेला हात लावून हसायच्या. चाचांच्या ढिगांवरच्या डहाळ्यांना आणि हळकुंडांना मी नमस्कार करायचा तेवढा बाकी होता. साधा चष्मा मात्र कांद्यांनंतर लावला नाही.

काकूंनी गादी नेली त्यानंतरच्या सोमवारी मी शाळेत निघाले होते. पुढच्या दारानं. काकू बाजारातून येत होत्या, हातात मेथीची जुडी. मला बघून थांबल्या. इकडे तिकडे कुणी नाही ना ते पाहिलं, माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या:

"मास्तरीणबाई, काल मी मधोमध झोपले. तुमचं लग्न झालं ना, की पहिल्याच दिवशी मधोमध पडा. एकदा कडेला सरकलात, की पुढं तुम्हाला सरकवायला कुणी लागत नाही."